एका यादीत तीन 'धातू': विद्यापीठात संशोधन म्हणून नक्की काय काय चालतं?

रिकामा_रकाना

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी एका विद्यापीठाच्या संशोधन कक्षात काम करतो. मी संशोधक नाही, यादीवाला आहे. वर्षभरात किती जणांना पीएचडी मिळाली, कुणाचे पेपर कुठे छापून आले, कोणते प्रकल्प चालू आहेत, हे सगळ्या विभागांच्या मागे लागून गोळा करायचं आणि वार्षिक अहवालात लावून द्यायचं. दरवर्षी विभागवार लावतो. यंदा सहज म्हणून कीवर्डप्रमाणे लावून बघितलं, आणि तिथेच अडकलो.

'धातू' या शब्दाखाली तीन प्रबंध शेजारी शेजारी आले. पहिला, पुन्हा पुन्हा ताण बसून धातूला तडा कसा जातो यावर. दुसरा पाणिनीच्या धातुपाठावर, म्हणजे सुमारे २००० क्रियापदांच्या मुळांवर. तिसरा आयुर्वेदातल्या रस, रक्त, मांस वगैरे सप्तधातूंवर. तिघं एकाच आवारात पाच-सहा वर्षं राबले आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. मग मला नादच लागला. 'मूळ' शोधलं, तर वनस्पतीशास्त्र, बीजगणित आणि व्युत्पत्ती. 'कल्चर' शोधलं, तर अर्धे प्रबंध काचेच्या बशीतल्या जंतूंवर आणि अर्धे माणसांच्या चालीरीतींवर.

अहवालाच्या पहिल्या पानावर मी दरवर्षी एक वाक्य टाकतो, 'विविध विद्याशाखांमधील संशोधनाची समृद्ध परंपरा'. आधीच्या माणसाकडून वारशात मिळालंय. यंदा ते टाइप करताना हात थबकला. हे सगळं एका छपराखाली असण्याला काही अर्थ आहे, की नुसती जागेची सोय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ता.क.: आमच्या फॉर्मात एका प्रबंधाला एकच विषय निवडता येतो. कुठेच न बसणारे मी 'इतर'मध्ये टाकतो. तेही हल्ली वाढत चाललेत.

---

प्रबंधग्रस्त

रुमाल टाकून ठेवतोय. सविस्तर लिहीन, 'इतर'वाल्यांपैकीच आहे.

---

तिरकस_तात्या

अर्थबिर्थ काही नाही हो. मोठं भांडार असलं की सुईपासून नांगरापर्यंत सगळं सापडतं, तसंच हे. सुईला नांगराची ओळख असण्याचं कारण नाही. पदव्या द्यायच्या, पदं भरायची, म्हणून विभाग काढायचे. पंचवीस-तीस विभागांपैकी चार-पाच खरं काम करतात, बाकीचे त्यांच्या सावलीत बसतात. ते वाक्य आहे तसं राहू द्या, तुमच्याशिवाय ते कुणी वाचत नाही.

---

खोडकर

तात्या, सुई-नांगराची ओळख कशी होते त्याचा एक किस्सा सांगतो. जरा लांब आहे.

अँड्र्यू डग्लस नावाचे एक खगोलशास्त्रज्ञ होते, अमेरिकेत ॲरिझोनात. त्यांना सूर्यावरच्या डागांचं सुमारे ११ वर्षांचं चक्र हवामानावर परिणाम करतं का, हे बघायचं होतं. पण हवामानाच्या नोंदी तिथे जेमतेम काही दशकांच्या. मग त्यांनी झाडांकडे मोर्चा वळवला. कोरड्या मुलखात पाऊस चांगला झाला की पाइनच्या खोडातलं त्या वर्षीचं कडं रुंद होतं, दुष्काळ पडला की अरुंद. रुंद-अरुंदाची ही रांग म्हणजे त्या वर्षांची सहीच. एका झाडाची सही दुसऱ्या, जास्त जुन्या लाकडाशी जुळवत गेलं की मागे मागे जाता येतं.

सूर्याचं राहिलं बाजूला, पुरातत्त्ववाले दारात येऊन उभे राहिले. तिथल्या आदिवासींच्या पडक्या वस्त्यांमध्ये लाकडी तुळया होत्या. आपापसात त्यांची कडी जुळत होती, पण आजच्या झाडांपर्यंतचा सांधा लागत नव्हता. मध्ये खिंडार होतं. १९२९ साली शो लो नावाच्या गावात एक जळकी तुळई मिळाली, नोंद क्रमांक एचएच-३९. तिच्या कड्यांनी ते खिंडार बुजलं, आणि वर्षानुवर्षं तरंगत असलेल्या कितीतरी वस्त्यांना एका फटक्यात इसवी सनातली वर्षं मिळाली. १९३७ मध्ये विद्यापीठाने डग्लसना वृक्षवलयांची प्रयोगशाळा काढून दिली. कुठे, माहितेय? फुटबॉलच्या स्टेडियमखाली. वर सामने चाललेत आणि खाली लाकडाच्या चकत्या रचून ठेवलेल्या. कित्येक दशकं हा मुक्काम तिथेच होता.

आता दुसरं टोक. शिकागोत विलर्ड लिबी या रसायनशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये कार्बन-१४ वरून (सजीव मेल्यावर त्यात हळूहळू घटत जाणाऱ्या किरणोत्सर्गी कार्बनवरून) वय काढायची पद्धत मांडली, १९६० चं रसायनाचं नोबेल मिळालं. पद्धतीत एक गृहीतक होतं: हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पूर्वीपासून कायम सारखंच. ते खरं की खोटं हे तपासायला अशी वस्तू हवी, जिचं वय कार्बनशिवाय नेमकं ठाऊक आहे. अशी वस्तू कुणाकडे असणार? कडी मोजणाऱ्यांकडे! ब्रिसलकोन पाइन जातीची झाडं हजारो वर्षं जगतात. त्यांची कडी एकेक करून तपासली, तेव्हा कळलं की प्रमाण सारखं नव्हतं आणि जुन्या तारखा काही ठिकाणी शेकडो वर्षांनी चुकतायत. आज कार्बनची तारीख सांगताना जी दुरुस्ती करतात, तिचा मोठा पाया ही कडी आहेत.

अजून संपलं नाही. २०१२ मध्ये नागोया विद्यापीठाच्या फुसा मियाके यांनी जपानी देवदाराची कडी वर्षावर्षाने तपासली. इसवी सन ७७४-७७५ मध्ये कार्बन-१४ ची एकदम १.२ टक्क्यांची उडी. सूर्याच्या नेहमीच्या चढउताराच्या सुमारे २० पट. कार्बन-१४ तयार होतं ते अवकाशातले कण हवेवर आदळून, तेव्हा सूर्यावरून कणांचा प्रचंड लोंढा आला असणार, असं आता बहुतेक जण मानतात. ती बातमी वाचून बायोकेमिस्ट्रीच्या एका पदवीच्या विद्यार्थ्याने जुन्या इंग्रजी बखरीचा मजकूर इंटरनेटवर चाळला. ७७४ च्या नोंदीत सापडलं: सूर्यास्तानंतर आकाशात लाल क्रूस दिसला. त्याने 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाला पत्र धाडलं, छापून आलं. तो क्रूस म्हणजे नक्की काय, यावर वाद आहे, पण मुद्दा वेगळाय.

अशीच एक उडी ९९३ सालातली. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये व्हायकिंग दर्यावर्दींच्या वस्तीत धातूच्या हत्याराने तोडलेलं लाकूड सापडलं होतं. त्यात ९९३ चं कडं ओळखलं, तिथून खोडाच्या सालीपर्यंत २८ कडी मोजली. झाड तोडलं १०२१ साली. आधी 'साधारण हजार सालच्या आसपास' इतकंच म्हणता येत होतं.

सूर्यापासून निघालेला माणूस झाडांवर गेला, झाडं पुरातत्त्वात गेली, तिथून रसायनात, आणि फिरून सूर्यावर. यातलं एकही वळण कुणी ठरवून घेतलेलं नाही.

---

क्ष_किरण

खोडकर, जबरदस्त. 'पदवीचा विद्यार्थी'वाला भाग माहीत नव्हता. वाचनखूण साठवली.

---

तिरकस_तात्या

किस्सा झकास, पण ही लॉटरी लागलेल्या माणसाची मुलाखत झाली. न लागलेल्या तिकिटांचा ढीग कुठाय? असे किती खगोलशास्त्रज्ञ झाडं मोजत बसले आणि हाती काहीच लागलं नाही, त्यांची गोष्ट कोण सांगणार? मृत भाषेच्या विभागात दोन प्राध्यापक आणि दीड विद्यार्थी असतात. त्यांच्याकडून कोणत्या सूर्यापर्यंत जाणार?

---

जुनी_वही

तात्या, मृत भाषेचा विषय तुम्हीच काढलात, आता ऐका. मी आयुष्यभर भाषाच शिकवल्या, तेव्हा पक्षपाती आहे हे आधीच कबूल करते.

बॅबिलोनच्या लोकांनी शतकानुशतकं ओल्या मातीच्या विटांवर आकाशाच्या नोंदी कोरल्या. ग्रहणं, ग्रह, नदीची पातळी, बाजारभाव, सगळं. लिपी बाणाच्या टोकासारखी, भाषा अक्कादी, ती बोलणारं आज कुणी नाही. या विटा फुटलेल्या. एक तुकडा एका पेटीत, त्याचा जोड दुसऱ्याच पेटीत. ॲब्राहम सॅक्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून हे तुकडे जुळवायला घेतले. त्यांच्या पश्चात हर्मन हुंगर यांनी ते काम पुढे नेलं. पहिला खंड निघाला १९८८ मध्ये. एवढी वर्षं हे कोण वाचणार असं त्यांना कुणी ना कुणी विचारलंच असणार, मला अजूनही विचारतात.

इसवी सनपूर्व १३६ मध्ये, १५ एप्रिलला बॅबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसलं, अशी नोंद या विटांवर आहे. आता पृथ्वी तेव्हापासून आजच्याच वेगाने फिरत आली असं धरून गणित मांडलं, तर ग्रहणाची सावली बॅबिलोनवर पडतच नाही, हजारो किलोमीटर दूर पडते. म्हणजे दोहोंपैकी एक: एक तर लिहिणारा खोटं बोलला, नाही तर पृथ्वी मंदावली. डरहॅम विद्यापीठाचे रिचर्ड स्टीफन्सन यांनी बॅबिलोनी, चिनी, ग्रीक, अरबी अशा नोंदी एकत्र केल्या. २०१६ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इसवी सनपूर्व ७२० पासूनच्या ग्रहणांचा हिशोब मांडला. दिवस शतकाला सुमारे १.७८ मिलिसेकंदाने मोठा होतोय. नुसत्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने जितका व्हायला हवा, त्यापेक्षा हे कमी आहे. ती तफावत का, यावर आता भूगर्भवाले डोकं खाजवतायत.

आणि तिकिटांच्या ढिगाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ढीग असतोच. मीही त्यात दोन-तीन तिकिटं टाकली आहेत. पण सॅक्सनी पृथ्वीचा वेग मोजायला विटा वाचल्या नाहीत. त्या नीट वाचायच्या म्हणून वाचल्या. घाईने, 'उपयोगापुरत्या' वाचल्या असत्या, तर स्टीफन्सनना त्यांचा काडीचा उपयोग झाला नसता.

---

तिरकस_तात्या

वहीताई, शेवटची ओळ लागली. तूर्त माघार. फक्त तूर्त.

---

वाळवी

मी ग्रंथालयात असते, त्यामुळे मला हे सगळं उलट्या बाजूने दिसतं. आमच्याकडे जुन्या पुस्तकांच्या मागच्या पानावर अजून तारखांची चिठ्ठी चिकटवलेली आहे. संगणक आला तरी मी त्यावर शिक्का मारायचं सोडलेलं नाही. मध्यंतरी गवतांच्या वर्गीकरणावरचं एक जाड पुस्तक देवघेवीला आलं. आधीचा शिक्का जवळपास तीस वर्षांपूर्वीचा. मला वाटलं, वनस्पतीशास्त्रातलं कुणी असेल. तर मुलगी पुरातत्त्वाची. उत्खननात जळका दाणा मिळालाय आणि तो कोणत्या गवताचा ते ठरवायचंय. मागच्याच वर्षी आम्ही ते पुस्तक 'मागणी नाही' म्हणून बाद करायच्या यादीत घातलं होतं. यादी मंजूर व्हायला उशीर झाला, म्हणून वाचलं.

आमच्या धंद्यातले एक गृहस्थ सगळ्यांना माहीत असावेत असं मला वाटतं: शिकागो विद्यापीठाचे डॉन स्वॉन्सन. शिक्षण भौतिकशास्त्राचं, काम ग्रंथालय आणि माहितीशास्त्रात, वैद्यकाशी संबंध नाही. त्यांच्या लक्षात आलं, की माशाच्या तेलाने रक्ताचा घट्टपणा कमी होतो असं सांगणारे पेपर एकीकडे आहेत. रेनॉड नावाच्या विकारात बोटं गार पांढरी पडतात, आणि त्या रुग्णांचं रक्त जास्त घट्ट असतं, असं सांगणारे पेपर दुसरीकडे. दोन्ही छापील, दोन्ही कपाटात, आणि दोन्ही गट एकमेकांचे संदर्भ देतच नव्हते. १९८६ मध्ये स्वॉन्सननी दोन्ही जोडून मांडलं, की या विकारावर माशाचं तेल देऊन बघा. पुढे रुग्णांवर चाचणी झाली तेव्हा त्याला दुजोरा मिळाला. १९८८ मध्ये त्यांनी अर्धशिशी आणि मॅग्नेशियमचा दुवा असाच नुसता कागद वाचून काढला.

म्हणून रकानेभाऊ, तुमचे तीन धातू एका पानावर आले ही मला गंमत वाटत नाही. तिन्ही धातूंमध्ये काहीच दुवा नसेल, बहुधा नसेलच. पण विभागवार यादीत ते शेजारी आलेच नसते, तर कुणी बघितलंही नसतं.

---

क्ष_किरण

मला जरा रुक्ष बाजू मांडू द्या. 'सगळ्या विद्याशाखा एकत्र' म्हणताना खरी पंचाईत होते मोजमापाच्या वेळी. अहवालात 'एकूण पेपर' असा एक आकडा असतो ना? तो म्हणजे हत्ती, मुंग्या आणि ढग यांची बेरीज आहे.

२०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर एक पेपर निघाला, 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात. लेखक ५,१५४. एकूण ३३ पानं, त्यातली ९ पेपरची, उरलेली २४ लेखकांची नावं आणि त्यांच्या संस्था. आमच्याकडे हे चालतं. गणितात दोन-तीन लेखक, आणि नावं सहसा आडनावाच्या अक्षरक्रमाने. पहिलं नाव कुणाचं याला काही अर्थ नाही. जीवशास्त्रात पहिला तो राबलेला विद्यार्थी आणि शेवटचा तो प्रयोगशाळेचा मालक. इतिहासात माणूस दहा वर्षं एकटा कागद उपसतो आणि एक पुस्तक लिहितो, ते अहवालात '१'. आता हे सगळे एकाच निवड समितीसमोर बसतात, आणि समितीत अक्षरक्रमाचं माहीत नसलेला एक जण हमखास असतो. माझ्या गणितातल्या मित्राला एका मुलाखतीत विचारलं गेलं, 'तुमचं नाव कायम शेवटी का?' त्याचं आडनाव इंग्रजी 'झेड'ने सुरू होतं, एवढंच कारण.

एच-इंडेक्स, म्हणजे कुणाचे पेपर किती आणि त्यांचे संदर्भ किती जणांनी दिले यावरून काढलेला आकडा, २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. त्यांनीच त्या लेखात म्हटलंय, की क्षेत्राक्षेत्रात आकडे वेगळे येतात. ती ओळ कुणी वाचत नाही, आकडा मात्र सगळ्यांना लावतात.

---

प्रबंधग्रस्त

रुमाल उचलतो.

माझा विषय: जुन्या हस्तलिखित पर्जन्य-नोंदवह्यांतल्या चुका ओळखायची संख्याशास्त्रीय पद्धत. वह्या वाचायला मोडी आणि जुन्या हस्ताक्षरांची सवय लागते, चुका शोधायला संख्याशास्त्र. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) आधी इतिहासाकडे गेला. 'यात इतिहास कुठाय? नुसते आलेख आहेत.' मग संख्याशास्त्राकडे. 'पद्धत तर आधीचीच आहे, नवं काय केलंत?' नवं हे केलंय, की एका नोंदणाऱ्याला सलग सात महिने ७ च्या जागी १ लिहायची खोड होती आणि मी ती पकडली. लेखणी घासली की त्याच्या सातची शेपटी उमटत नसे. हे संख्याशास्त्राने एकट्याने कळत नाही, आकडे फक्त विचित्र दिसतात. आणि नुसती वही वाचूनही कळत नाही, कारण १ हा १ सारखाच दिसतो. भिंगाखाली शाई पाहिली तेव्हा दाबाची खूण मिळाली.

दीड वर्ष कागद या इमारतीतून त्या इमारतीत फिरला. शेवटी दोन गाईड मिळाले. दोघंही भले आहेत, पण एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. एक म्हणतात 'नमुना लहान आहे', दुसरे विचारतात 'कसला नमुना?' (मराठीत 'नमुना'चा तिसरा अर्थही आहे, तो दोघांनाही लागू पडतो. हलके घ्या.)

माझ्यापुरतंच असतं तर नशीब म्हटलं असतं. पण ऑस्ट्रेलियात संशोधन निधीच्या हजारो अर्जांचा अभ्यास झालाय, २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये आला. अर्ज जितका आंतरविद्याशाखीय, तितकी निधी मिळायची शक्यता कमी. म्हणजे 'आंतरविद्याशाखीय व्हा' असं फलकावर लिहायचं, आणि अर्ज आला की विचारायचं, तू नक्की कुणाचा?

---

जुनी_वही

अक्षराची खोड पकडलीत हे वाचून फार बरं वाटलं. हा प्रबंधाचा गाभा आहे, पहिल्या प्रकरणात घ्या. शेवटी ठेवू नका, परीक्षक तिथवर पोचत नाहीत.

---

खोडकर

प्रबंधग्रस्त, तुमचे पूर्वज दामोदर कोसंबी. मूळ गणिती. आनुवंशिकीत जनुकांमधलं अंतर काढायचं त्यांचं सूत्र १९४४ चं, अजून वापरात आहे. तोच माणूस तराजू घेऊन प्राचीन आहत (ठसे ठोकून बनवलेली) नाणी तोलत बसला. विचार साधा: नाणं हातोहाती फिरलं की झिजतं, म्हणून एका गटाच्या सरासरी वजनावरून तो किती काळ चलनात होता ते कळतं, आणि त्यावरून गटांचा क्रम लावता येतो. झिजेचं गणित खरं आहे का, हे बघायला त्यांनी त्या वेळची चालू नाणीसुद्धा तोलली.

---

तिरकस_तात्या

(माघार संपली.) कोसंबी एकच असतात, त्यांच्या नावावर विभाग चालवू नका. आणि कोसंबींचं नाणेशास्त्र कुठल्या रकान्यात टाकलं असतं हो, रकानेभाऊ? गणितात की इतिहासात?

---

प्रबंधग्रस्त

+१. मलाही हेच विचारायचं होतं. माझ्या प्रबंधाला यंदा कुठे टाकणार?

---

रिकामा_रकाना

सगळ्यांचे आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. वाळवीताई, तुमची बाद करायची यादी वाचून पोटात गोळा आला.

काल एक उद्योग केला. तिन्ही 'धातू'वाल्यांना ईमेल करून विचारलं, की कीवर्डवार सूची अहवालाला जोडू का. आयुर्वेदवाल्या बाईंनी लगेच हो म्हटलं. धातुशास्त्रवाल्यांनी विचारलं, की याने मानांकनात काही फरक पडेल का. पाणिनीवाल्यांनी उत्तर दिलं नाही, पण माझ्या ईमेलमधल्या 'धातूपाठ'चा ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत पाठवला.

सूची जोडतोय. ते पहिल्या पानावरचं वाक्य काढलं होतं, वरिष्ठांनी परत घालायला लावलं.

तात्या आणि प्रबंधग्रस्त, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: फॉर्म बदलता येत नाही, सॉफ्टवेअर बाहेरून घेतलेलं आहे. गेल्या आठवड्यात विभागांची क्रमवारी काढली. प्रबंधांच्या संख्येत 'इतर' दुसऱ्या क्रमांकावर आहे. आज वरून विचारणा आली, की या विभागाचे प्रमुख कोण.